भगत सोडला, आता ऐकणार कोण?

आपल्या शहापूर-मुरबाडकडे कुणाचे वागणे जरा वेगळे दिसू लागले की एक वाक्य हमखास कानावर पडते : “याला आता ठाण्याला न्यायला पाहिजे.” खरे तर ठाण्याला आपले लोक रोजच जातात. आसनगावहून सकाळची लोकल पकडून कुणी कंपनीत जातो, कुणी बांधकामावर, कुणी घरकामाला. पण या वाक्यातले ठाणे वेगळे. १९०१ सालापासून तिथे असलेले मनोरुग्णालय, एवढाच त्याचा अर्थ. अख्ख्या महाराष्ट्रात हा विनोद चालतो आणि लोक हसतात. ज्याच्याविषयी तो केलेला असतो, त्यालाही तो ऐकू जातो. त्या दिवसापासून तो माणूस आपले दुखणे लपवू लागतो.

आम्ही काही जण या दोन तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांमध्ये मनाच्या दुखण्यांबाबत घरोघरी बसून बोलतो. समुपदेशन हा जड शब्द झाला, पण काम तेच. या कामात आम्हाला एक गोष्ट पक्की कळली. डॉक्टर लागतो, औषध लागते, कायदाही लागतो. पण या सगळ्यांच्या आधी, ज्याच्यापुढे तोंड उघडावे असा एक माणूस लागतो. तो नसेल तर बाकीचे सगळे तालुक्याच्या गावी तसेच पडून राहते. आणि असा माणूस तयार होण्यात आपल्या समाजापुढे काही अडचणी आहेत. त्यातल्या काही बाहेरून आलेल्या आहेत, काही आपण स्वतः उभ्या केल्या आहेत. या लेखात दोन्हींबद्दल लिहीत आहोत.

दुहेरी लाज

घरातली बाई तीन-चार महिने नीट झोपलेली नाही. छातीत धडधड होते, हातापायांना मुंग्या येतात, डोके जड असते. रक्त तपासले, काही निघाले नाही. “काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,” असे ऐकून ती घरी येते. त्रास मात्र तसाच. मग कुणीतरी हळूच म्हणते, “एकदा दाखवून तर बघ.” आणि एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, ते कुटुंब भगताकडे जाऊन येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आपल्या घरांच्या भिंतींवर लावलेल्या आहेत. त्यामुळे आपल्या माणसाला एक नव्हे, दोन लाजा वाटतात. पहिली दुखण्याची, दुसरी प्रतिज्ञा मोडल्याची. गावातल्या इतर समाजाचा माणूस भगताकडे गेलो होतो हे उघड सांगतो. आपला माणूस ते विहारात सांगत नाही, भावकीत सांगत नाही, डॉक्टरलाही सांगत नाही. अशा घरात समुपदेशक गेला आणि त्याने “बौद्ध असून तुम्ही असं करता?” असे विचारले, की तिथेच सगळे संपले. त्या घरातून पुढे खरे काही कळणार नाही.

म्हणून आम्ही रागावत नाही. आम्ही विचारतो, “तिथं काय म्हणाले? बरं वाटलं का? कशानं वाटलं?” बहुतेक वेळा उत्तर एकच येते : “त्यानं बसवून घेतलं. सगळं विचारलं. घरात कोण-कोण आहे, कधीपासून होतंय, कुणाशी बोलणं बंद आहे.”

आमचे म्हणणे चुकीचे समजू नका. भगताचा अंगारा खोटा आहे. त्यासाठी लुटलेला पैसा खरा आहे, आणि भूत काढायच्या नावाखाली दिलेला मार तर गुन्हा आहे. त्यासाठी २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण तो भगत तासभर वेळ देत होता. आपण भगत सोडला हे शंभर टक्के योग्य केले. मात्र त्याने अडवलेली ऐकण्याची जागा मोकळीच राहिली. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे स्वतः डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने अंधश्रद्धेवर नुसते भाषण केले नाही, साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचे केंद्रही उभे केले. नको ते काढून टाकायचे आणि त्या जागी हवे ते आणून ठेवायचे. आपल्या वाड्यांत पहिले काम झाले, दुसरे बाकी आहे.

तांब्याभर पाणी आणि आडनाव

बाहेरचा समुपदेशक आपल्या घरात आला की घर त्याला आधी तपासते. दारात आल्यावर आपण पाण्याचा तांब्या पुढे करतो. तो पाणी पितो की “नको, आताच प्यालो” म्हणतो, इकडे सगळ्यांचे लक्ष असते. खुर्ची असताना तो चटईवर बसला का? कागद काढून सगळ्यात आधी आडनाव विचारले का? आणि आडनाव ऐकल्यावर त्याच्या आवाजात काही बदलले का? हे सगळे एका मिनिटात होते. कुणी बोलून दाखवत नाही, पण निकाल लागलेला असतो.

शहरात शिकून आलेल्या काही समुपदेशकांना हे कळत नाही. एखादा मुलगा सांगतो की होस्टेलमध्ये किंवा कामावर त्याला जातीवरून बोलतात आणि तेव्हापासून त्याला झोप नाही. त्यावर उत्तर मिळते, “आता कुठे राहिली आहे जात? तू मनाला फार लावून घेतोस.” असे म्हणणाऱ्याने त्या मुलाचे दुखणे तर ऐकले नाहीच, वर त्यालाच खोटे ठरवले. ज्याचा अपमान झाला आहे, त्याला तो अपमान झालाच नाही असे पटवून देणे म्हणजे उपचार नव्हे. आधी “हो, हे तुझ्याबाबत घडलं आणि ते चूकच आहे” असे म्हणणारा माणूस हवा. त्यानंतर त्या अपमानाने तुझ्या झोपेचे, अभ्यासाचे, जेवणाचे काय केले ते बघू, असे म्हणता येते.

हेच गरिबीचे. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. टँकर कधी येईल या काळजीने जी बाई जागी असते, तिला झोपेची गोळी देऊन टँकर वेळेवर येत नाही. समुपदेशकाने प्रत्येक दुःखाला आजाराचे नाव देऊ नये. कोणते दुखणे मनाचे, कोणते व्यवस्थेचे, आणि कुठे दोन्ही एकमेकांत गुंतले आहेत, हे त्या बाईबरोबर बसून उलगडावे. एवढे जरी प्रामाणिकपणे केले तरी तिचा विश्वास बसतो.

“बाबासाहेबांनी एवढं सोसलं...”

आता आपल्या स्वतःच्या चुकीबद्दल. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आलेला एक तरुण आमच्याकडे आला होता. घरात बोलत नव्हता, बाहेर पडत नव्हता. आम्ही त्याला उत्साहाने सांगितले की, बाबासाहेबांनी कसल्या परिस्थितीत शिक्षण घेतले ते आठव, तू कशाला खचतोस? त्याने मान डोलावली, जयभीम केला आणि गेला. पुन्हा आला नाही. बऱ्याच दिवसांनी त्याच्या मित्राकडून कळले की, आमच्याकडून गेल्यावर त्याला अधिकच वाईट वाटले. आईवडिलांचा अपराधी तो आधीच होता. आम्ही त्याला बाबासाहेबांचाही अपराधी करून सोडले होते.

बाबासाहेबांचे जीवन ही आपली ताकद आहे. पण बुडणाऱ्या माणसाच्या हातात दोरी द्यायची असते, त्याच्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचा फोटो धरायचा नसतो. प्रेरणेची वेळ येते, पण ती नंतर, त्याचे बोलणे पूर्ण झाल्यावर.

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे औषध मागायला आली. त्यांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. “तुझं मूल मेलं आहे, हे तुला कळत कसं नाही?” असेही म्हटले नाही. ज्या घरात कधी मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. ती दारोदार गेली, प्रत्येक घराचे दुःख तिने ऐकले, आणि जे समजायचे ते तिला तिचे तिलाच समजले. आम्ही ही गोष्ट वर्षानुवर्षे मरणाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. या कामात पडल्यावर ती आम्हाला समुपदेशनाची गोष्ट वाटू लागली. उत्तर तयार असूनही ते न सांगता माणसाला त्याच्या पायांनी तिथवर जाऊ देणे, हे सर्वांत अवघड काम आहे.

ऐकलेले उंबऱ्याबाहेर जाऊ नये

दुसरी चूक याहून मोठी होती. एका बैठकीत आम्ही “एका घरात असं झालं” असे म्हणत एक उदाहरण दिले. नाव घेतले नव्हते. पण तीस उंबऱ्यांच्या वाड्यात नाव घ्यावे लागते कुठे? ती बाई त्याच बैठकीत मागे बसली होती. ती भांडली नाही, उठूनही गेली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा तिने पाणी दिले, चहा दिला. बोलली मात्र नाही, ती आजतागायत. तिच्या घरी काय घडले होते ते आम्ही इथेही लिहिणार नाही.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. पहिल्याच भेटीत सांगतो की, तुम्ही बोलाल ते तुमच्या नवऱ्यालाही, सासूलाही आणि मंडळाच्या अध्यक्षांनाही कळणार नाही. त्याबरोबर हेही आधीच सांगतो की, दोन बाबतीत आम्हाला गप्प राहता येणार नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर. कारण २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. हे नंतर सांगितले तर विश्वासघात वाटतो, आधी सांगितले तर प्रामाणिकपणा.

तिसरा नियम जागेचा. विहारात खोली उघडून वर पाटी लावली की कोण आत गेले हे सगळ्या वाड्याला दिसते. म्हणून शिवणवर्गाला आलेली बाई तिथेच जरा मागे थांबते, पाणी भरायच्या वाटेवर बोलणे होते, मुरबाडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना होते. सासू समोरून उठत नसेल तर आम्ही तिला उठवत नाही, आधी तिचेच ऐकून घेतो. अनेकदा तिलाही कुणी विचारलेले नसते.

समुपदेशक नेमके करतो काय?

पुष्कळांना वाटते, नुसते बोलून काय होणार? हा प्रश्न रास्त आहे. समुपदेशक औषध देत नाही आणि नशीबही सांगत नाही. तो ऐकतो, आणि गुंता सोडवायला मदत करतो. काळज्या दहा असतील तर त्या एकेक करून मांडायच्या. त्यांतली आपल्या हातातली कोणती ते ठरवायचे, आणि या आठवड्यात तिचे एक छोटे पाऊल उचलायचे. उदास माणूस एकेक काम सोडत जातो आणि कामे सुटली की अधिक उदास होतो. ते चक्र तोडण्यासाठी सकाळी अर्धा तास बाहेर चालणे, जुन्या मैत्रिणीकडे जाणे, अशी साधी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. पुढच्या भेटीत ती झाली का ते विचारायचे. झाली नसतील तर का झाली नाहीत ते, न रागावता.

हे आमच्या मनचे नाही. कसारा घाट चढून गेले की नाशिक जिल्हा लागतो. तिथल्या गावांमध्ये ‘आत्मीयता’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना ऐकण्याचे शिक्षण दिले गेले. अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पात असेच काम झाले आणि दीड वर्षात नैराश्याच्या रुग्णांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हे दाखवून दिले की, मानसशास्त्राची पदवी नसलेली पण नीट शिकवलेली माणसे सहा-आठ भेटींत नैराश्य कमी करू शकतात. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली चौदा आज्यांना तयार केले. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर आजी आणि शेजारी दुखणेकरी. तिथे या दुखण्याला लोकांच्या बोलीत जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो ‘फार विचार करणे’. आपल्याकडची बाई दुसरे काय सांगते? “विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली.” दुखणे सारखेच, शब्दही सारखा. फरक एवढाच की तिथे आता बाक आहे.

पण समुपदेशकाला आपली हद्दही कळली पाहिजे. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो कित्येक दिवस जेवतखात नाही, जो जीव नको झाल्याचे बोलतो, किंवा दारू एकदम सोडल्यावर ज्याला कापरे भरते आणि भास होतात, त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट आधीच आलेला विचार बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटे सोडू नये. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मुरबाडच्या पलीकडे माळशेजच्या पायथ्याकडच्या माणसाला ठाण्याला जायचे तर एसटीने मुरबाड, तिथून कल्याण, मग लोकल, मग रिक्षा. एक दिवसाची मजुरी बुडते. दर महिन्याला ही खेप करताना माणूस का टिकतो? घरी आल्यावर “कसं झालं?” असे विचारणारे कुणीतरी असते म्हणून.

आपला हक्क, आपले प्रश्न

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी किंवा सरकारी निधीतून चालणाऱ्या ठिकाणी मनाच्या दुखण्यावर उपचार मिळणे हा त्यानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. धर्म, लिंग, वर्ग आणि जात यांवरून भेदभाव करता येणार नाही. ‘जात’ हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो, ही सेवा मोफत आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो, आणि त्याची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी मानतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका.

केंद्र सरकारचा ‘टेली मानस’ हा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा कोणत्या दिवशी आणि कुठे मिळते, हे शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात एकदा विचारून मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आणि समुपदेशक कोणीही असो, आम्हीसुद्धा, त्याला हे प्रश्न जरूर विचारा. तुम्ही काय शिकला आहात? मी सांगितलेले कुणाला कळेल? किती भेटी लागतील? पैसे किती? माझे दुखणे तुमच्या आवाक्यातले नसेल तर कुठे पाठवाल? या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. ऐकून घेण्याआधी उपदेश करणाऱ्याकडेही नको, मग तो उपदेश कितीही चांगला असो.

येत्या वर्षावासात ग्रंथवाचनाला आपण विहारात जमूच. प्रत्येक वाड्याने तेव्हा दोन माणसे निवडावीत, एक बाई आणि एक पुरुष. चांगले बोलणारी नकोत, ती आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी हवीत. मोठ्या वाड्यातही अशी माणसे दोन-तीनच असतात आणि कोण ते सगळ्यांना ठाऊक असते. त्यांना शिक्षण देण्याची सोय बघता येईल. निवड मात्र वाड्यानेच करायची आहे, कारण विश्वास कुणाचा वाटतो हे बाहेरून येऊन कुणालाच ठरवता येत नाही.

जयभीम.